दार अरुंद, गाणे बदनाम

इंडोनेशियातील बांडुंग हे शहर आपल्याकडच्या जुन्या पिढीला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे. एप्रिल १९५५ मध्ये आशिया आणि आफ्रिका खंडांतील एकोणतीस देशांचे प्रतिनिधी तेथे जमले होते. नेहरू होते, चौ एन-लाय होते, नासर होते, यजमान म्हणून सुकर्णो होते. ज्या वास्तूत ही परिषद भरली तिचे नाव गेडुंग मेर्देका, म्हणजे स्वातंत्र्य भवन. (हा 'मेर्देका' शब्द मूळ संस्कृत 'महर्द्धिक' वरून तिकडे गेला.) या भवनाच्या शेजारीच, ब्रागा नावाच्या जुन्या डच वळणाच्या रस्त्यावर, मॅजेस्टिक नावाचे एक सिनेमागृह होते. डच अमदानीतल्या साहेबलोकांच्या करमणुकीचे ते ठिकाण. पुढे काळ बदलला, सिनेमा गेला, सांस्कृतिक सभागृह आले आणि त्या ऐतिहासिक परिषदेची आठवण म्हणून त्याला 'आशिया आफ्रिका कल्चरल सेंटर' असे भारदस्त नाव मिळाले.

शनिवार, ९ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी या सभागृहात चेंगरून अकरा जण मरण पावले. बहुतेक विशीच्या आगेमागे असलेली मुले. निमित्त होते एका वाद्यवृंदाच्या पहिल्यावहिल्या अल्बमच्या प्रकाशनाचे. वाद्यवृंदाचे नाव 'बिसाइड', अल्बमचे नाव 'अगेन्स्ट अवरसेल्व्हज', म्हणजे 'आपल्याच विरुद्ध'. संगीताचा प्रकार डेथ मेटल आणि हार्डकोर यांच्या सीमेवरचा. नावातच मृत्यू असलेले संगीत, अल्बमचे शीर्षक असे आणि समोर अकरा मृतदेह. तर्क लढवणाऱ्यांना आणखी काय हवे होते? दारूची चर्चा झाली, बिघडलेल्या पिढीची चर्चा झाली, पाश्चात्त्य थेरांची चर्चा झाली. त्या सभागृहाच्या दारांची चर्चा मात्र त्या मानाने फारच कमी झाली.

या घटनेला आता बरीच वर्षे लोटली. तरीही ती पुन्हा काढावीशी वाटते, याचे कारण गेल्या काही वर्षांत गर्दीत चेंगरून मरण्याच्या बातम्या आपल्याला जवळजवळ सवयीच्या झाल्या आहेत आणि प्रत्येक वेळी आपण प्रथम गर्दीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

आधी या संगीताविषयी थोडे सांगायला हवे, कारण रविवारी सकाळी चहाबरोबर पुरवणी वाचणाऱ्या बहुसंख्य घरांत ते वाजत नसणार. किंवा वाजत असेल तर बंद दाराआड, कानात बोंडे घालून. डेथ मेटलचा जन्म १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत, प्रामुख्याने फ्लॉरिडा राज्यात झाला. 'डेथ' याच नावाच्या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९८७ साली आला. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, आवाज मुद्दाम फाटका केलेला, ढोल दोन्ही पायांनी आणि दोन्ही हातांनी इतका जलद की एकेक ठोका वेगळा ऐकूच येऊ नये. गायक गातो असे म्हणता येत नाही. तो घशाच्या तळातून गुरगुरतो. शब्द कळत नाहीत, आणि कळले तर बहुधा ते प्रेते, रोगराई, सडणे, कत्तल यांविषयीचे असतात. यातलीच अधिक जड आणि अधिक गुंतागुंतीची शाखा म्हणजे 'ब्रूटल' डेथ मेटल. न्यूयॉर्कच्या 'सफोकेशन'चा १९९१ सालचा पहिला अल्बम हा तिचा एक पायाचा दगड समजतात. 'सफोकेशन' म्हणजे घुसमट. या नावाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

मला हे संगीत आवडते असे म्हणणे खोटे ठरेल. पण मन लावून ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात येते की, ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्यात हिशेब आहे. लय क्षणाक्षणाला बदलते आणि चार-पाच माणसे ती एकाच वेळी, एका श्वासात बदलतात. त्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. नशेत असे वाजवता येत नाही. शब्दांतील रक्तपाताचे म्हणाल तर तो भयपटातला रक्तपात आहे. रामसे बंधूंचे चित्रपट पाहून कोणी थडगी उकरायला गेल्याचे ऐकिवात नाही.

हे संगीत बांडुंगला कसे पोचले, ही खरी रसाची गोष्ट आहे. शहराच्या पूर्वेला उजुंगबेरुंग नावाचा भाग आहे. एकेकाळी तेथे भातशेती होती. मग कापडगिरण्या आणि कारखाने आले, शेते गेली, चाळवजा वस्त्या वाढल्या. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र निराळे सांगायला नको. या वस्तीतील पोरांनी १९९० च्या सुमारास गिटारी हातात घेतल्या. 'जसद' हा तिथला जुना ब्रूटल डेथ मेटल वाद्यवृंद. जसद म्हणजे देह. 'बर्गरकिल' हा १९९५ चा; एका अमेरिकन खाद्यसाखळीच्या नावाची केलेली टिंगल त्याच्या नावात आहे. परदेशी कॅसेटवरून कॅसेट उतरवून घ्यायची, झेरॉक्सवर छापलेली पत्रके वाटायची, वर्गणी काढून सरावाची खोली भाड्याने घ्यायची, असा सगळा मामला. शहरातील सापारुआ नावाच्या क्रीडागृहात त्यांच्या मैफली भरत आणि खच्चून भरत.

यात राजकारणही होते. ते सुहार्तो यांच्या राजवटीचे दिवस. एप्रिल १९९३ मध्ये 'मेटालिका' या जगप्रसिद्ध अमेरिकन वाद्यवृंदाच्या मैफली जाकार्तात झाल्या, तेव्हा तिकिटे न परवडलेल्या तरुणांनी स्टेडियमबाहेर दंगल केली, मोटारी जाळल्या. सरकारने मग मोठ्या रॉक मैफलींवर निर्बंध आणले. परदेशी वाद्यवृंद येईनासे झाले आणि ती पोकळी गल्लीतल्या पोरांनी भरून काढली. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात रुपिया कोसळला, परदेशी कॅसेट आणि कपडे हाताबाहेर गेले. तेव्हा बांडुंगच्या तरुणांनी स्वतःच छापलेले सदरे, स्वतःच काढलेल्या कॅसेट विकणारी छोटी दुकाने थाटली. या दुकानांना तेथे 'डिस्ट्रो' म्हणतात आणि त्यांनी शहरात एक लहानसा उद्योगच उभा केला. उजुंगबेरुंगच्या मंडळींनी आपले बोधवाक्य मात्र आपल्या सुंडानी भाषेतून घेतले: 'पांचेग दिना गालुर'. आखलेल्या वाटेवर ठाम राहा, असा त्याचा साधारण अर्थ. शब्द इतके जुन्या वळणाचे आहेत की, ते एखाद्या आजोबांनी नातवाला सांगितले असते तरी चालले असते.

तर अशा वस्तीतील एका वाद्यवृंदाचा हा पहिला अल्बम. पहिला अल्बम म्हणजे काय असते, हे ज्याने पहिले पुस्तक पदराला खार लावून छापले आहे त्याला कळेल. वस्तीचे ते कौतुक असते. शेजारपाजारची पोरे, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र, सगळे लोटतात. त्या शनिवारी ते तसेच लोटले. ब्रागा रस्त्यावरच्या त्या जुन्या सभागृहात मावतील त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे आत होती आणि बाहेरही पुष्कळ ताटकळत उभी होती. आत हवा कमी, उकाडा प्रचंड. बाहेर पडण्याची वाट अरुंद. बाहेर पडू पाहणारे आणि आत शिरू पाहणारे त्या चिंचोळ्या जागी समोरासमोर आले.

पुढे काय होते ते भावनेने नव्हे, शास्त्राने समजून घ्यायला हवे. जॉन फ्रुईन या अमेरिकन अभियंत्याने गर्दीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याचे म्हणणे असे की, एका चौरस मीटर जागेत सुमारे सात माणसे झाली की गर्दी ही माणसांची उरत नाही, ती एखाद्या द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात. त्या लाटांनी माणूस पायांवरून उचलला जातो. मागच्याने दिलेला हलकासा रेटा पुढे पोचेपर्यंत लोखंडी कठडे वाकवणारा होतो. आणि माणसे मरतात ती बहुधा तुडवली जाऊन नाही, तर उभ्या उभ्या. छातीभोवतीचा दाब इतका वाढतो की फासळ्यांना फुगायला जागा राहत नाही. श्वास आत घेता येत नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपते. मागच्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला वाटते पुढचे मुद्दाम अडून बसले आहेत, म्हणून तो आणखी थोडे ढकलतो. यात कोणी क्रूर असावे लागत नाही, प्यालेले असावे लागत नाही. घुसमट व्हायला 'सफोकेशन'ची गाणी लागत नाहीत. जागा कमी पडली की पुरे.

इंग्रजी वृत्तपत्रे अशा घटनेला 'स्टँपीड' म्हणतात. तो मुळात उधळलेल्या गुरांच्या कळपाचा शब्द आहे. म्हणजे बातमीच्या मथळ्यातच निकाल लागलेला असतो: माणसे जनावरांसारखी धावली आणि मेली. आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्द त्या मानाने अधिक प्रामाणिक आहे. चेंगरण्यात धावणे नाही. जागा नसणे आहे.

आता बांडुंगच्या आधीच्या दोन घटना पाहू. १९ डिसेंबर २००६ रोजी, म्हणजे जेमतेम चौदा महिने अगोदर, त्याच इंडोनेशियात, मध्य जावातील पेकालोंगान गावी 'उंगू' या वाद्यवृंदाच्या मैफलीत चेंगरून दहा जण मरण पावले होते. उंगू म्हणजे जांभळा रंग. हा वाद्यवृंद प्रेमाची हळवी गाणी गातो. त्याच वर्षी त्याने भक्तिगीतांचा अल्बमही काढला होता. तेथे गुरगुरणे नव्हते, प्रेतांची वर्णने नव्हती. आईवडिलांनी मुलींना निर्धास्तपणे पाठवावे असा तो कार्यक्रम. माणसे मेली ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, चेंगरून. पण हळव्या प्रेमगीतांवर बंदी घाला, असे कोणी म्हणाले नाही. म्हणण्याचे कारणही नव्हते.

दुसरी घटना अमेरिकेतील. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटी शहरात 'द हू' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मैफलीपूर्वी दाराशी चेंगरून अकरा तरुण मेले. तिथेही अकराच. बसण्याच्या जागा राखीव नव्हत्या. जो आधी शिरेल तो पुढे उभा राहील, अशी पद्धत होती. दारे उघडली तीही मोजकीच. वाजवणाऱ्यांना तर कार्यक्रम संपेपर्यंत काही पत्ताच नव्हता. तेथेही पहिल्या दिवसांत तरुणांना रानटी ठरवणारे लेख छापून आले. परंतु शहराने नंतर एक शहाणपणाचे काम केले. चौकशी करून गर्दीच्या व्यवस्थापनावर सविस्तर अहवाल तयार करवला आणि राखीव नसलेल्या जागांच्या पद्धतीवरच बंदी आणली. ही बंदी २००४ पर्यंत टिकली. संगीतावर बंदी नव्हती, ती व्यवस्थेतील एका दोषावर होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

बांडुंगमध्ये घडले ते याच्या उलट. त्यानंतर बराच काळ मेटलच्या कार्यक्रमांना पोलिसांची परवानगी मिळणे दुरापास्त झाले. काळे सदरे घातलेली पोरे जेथे जमतील तेथे संशय. आयोजकांचा दोष नव्हता असे मी म्हणत नाही. सभागृहाची क्षमता ठाऊक असताना माणसे आत घेत राहणे हा गुन्हाच आहे, मग तो उत्साहाच्या भरात होवो की चार पैशांच्या लोभाने. हौशी पोरांनी कार्यक्रम भरवायचा आणि अनुभवी माणसांचा सल्ला घ्यायचा नाही, हे आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळांतही दिसते. पण सभागृह भाड्याने देणारे कोण होते? परवाना देणारे कोण होते? जुन्या सिनेमागृहातून हजारभर माणसे किती मिनिटांत बाहेर पडू शकतात हे मोजणे एकोणीस वर्षांच्या ढोलवादकाचे काम आहे काय? मोजणाऱ्यांनी मोजले नाही, आणि नंतर सगळे बोट गाण्याकडे वळले.

हे संगीत ऐकून मुले हिंसक होतात काय, हा प्रश्न पालक म्हणून कोणालाही पडेल आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हिंसक शब्दांच्या डेथ मेटलचे ३२ चाहते आणि हे संगीत न ऐकणारे ४८ जण घेतले. एका डोळ्यासमोर हिंसेचे चित्र आणि दुसऱ्या डोळ्यासमोर साधे चित्र एकाच वेळी दाखवले. अशा वेळी मेंदू दोन्हींपैकी एकाला झुकते माप देतो, आणि ते बहुधा हिंसेच्या चित्राला, कारण धोका आधी ओळखणे ही जगण्याची गरज आहे. चाहत्यांची मने बधिर झालेली असती तर त्यांच्यात हा कल कमी दिसायला हवा होता. तसे आढळले नाही. त्यांचे मेंदू हिंसेला इतरांइतकेच दचकले. एका अभ्यासाने प्रश्न निकालात निघत नाही, हे खरेच. पण पोलीस चौकीतल्या अंदाजापेक्षा त्याला निश्चितच अधिक वजन द्यावे लागेल.

दुसरा अभ्यास अधिक मजेदार आहे. या मैफलींत रंगमंचासमोर मुले एकमेकांवर आदळत, धक्के देत गोल फिरतात. पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. कॉर्नेल विद्यापीठातील चार पदार्थवैज्ञानिकांनी अशा मैफलींच्या चित्रफिती तपासल्या आणि २०१३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या मान्यवर नियतकालिकात निष्कर्ष छापला की, या मुलांची हालचाल बंद भांड्यातील वायूच्या रेणूंसारखी असते. प्रत्येकाला धावायला मोकळी जागा लागते, धडक बसते, दिशा बदलते. या धक्काबुक्कीचे काही अलिखित नियम असतात. त्यातला पहिला नियम असा की, कोणी पडला तर सगळ्यांनी थांबून त्याला उचलायचे. खरचटणे, मुका मार हे होतच असते आणि माझ्या घरातल्या मुलाने त्यात उडी घ्यावी असे मला वाटणार नाही. पण जिथे धावायला जागा आहे तिथे छाती दाबून माणूस मरत नाही. वायू आणि द्रव यांतला हा फरक आहे. बांडुंगला अकरा जीव गेले ते दुसऱ्या प्रकारात, जिथे हात वर करायलाही जागा नव्हती.

बंदीसदृश त्या दिवसांत उजुंगबेरुंगच्या मंडळींनी काय केले? काही जण पांगले. पण काही जण शांत बसून वेगळ्याच उद्योगाला लागले. सुंडानी लोकांचे एक जुने वाद्य आहे, कारिंडिंग. बांबूची किंवा माडाच्या जातीतल्या झाडाच्या काडीची वीतभर पट्टी. ओठांशी धरून बोटाने ठोकायची आणि तोंडाची पोकळी लहानमोठी करून तिचा नाद बदलायचा. आपल्या मोरचंगाची ती चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. शेतकरी रात्री शेतावर ती वाजवत. तिच्या नादाने पिकावरची कीड पळते असा समज होता. हे वाद्य विस्मृतीत जाऊ लागले होते. 'जसद'चा गायक मान आणि त्याचे मेटलवाले सोबती यांनी ते पुन्हा हाती घेतले, 'कारिंडिंग अटॅक' नावाचा वृंद काढला. गिटारचा गडगडाट ज्यांना नाकारला गेला त्यांनी आजोबांची काडी वाजवायला घेतली आणि ती वाजवता वाजवता शहरातल्या शेकडो मुलांना शिकवली. मान यांना डोक्याला पारंपरिक सुंडानी फडके बांधून डेथ मेटल गाताना पाहिले की, परंपरा आणि आधुनिकता यांच्यावर आपल्याकडे जे परिसंवाद झडतात त्यांची गंमत वाटते. कोट्यवधी लोकांची ही सुंडानी भाषा. तिच्यातून डेथ मेटलची गाणी लिहिणारी ही पोरे तिचे वैरी आहेत की वारस, हे त्या भाषेच्या कैवाऱ्यांनीच ठरवावे.

मैफलीही हळूहळू परतल्या, आणि त्यातल्या काही चक्क लष्कराच्या मोकळ्या मैदानांवर झाल्या. ज्या पोरांना बिघडलेली म्हटले गेले त्यांना जवानांच्या आवारात जागा मिळाली. कारण साधे होते. मैदान मोठे, वर आकाश, आणि बाहेर पडायला चारी बाजू मोकळ्या.

पुढचा विनोद इतिहासाने केला. २०१४ साली इंडोनेशियाच्या अध्यक्षपदी जोको विडोडो निवडून आले. हे गृहस्थ मेटलचे जाहीर चाहते. मेटालिका, नेपाम डेथ ही त्यांची आवडती नावे. जाकार्ताचे राज्यपाल असताना २०१३ साली मेटालिकाच्या वादकाने त्यांना आपली सही केलेली गिटार भेट पाठवली, तर यांनी ती भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाकडे जमा केली. पुढे डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये त्यांना मेटालिकाच्या एका अल्बमचा स्वाक्षरीयुक्त संच भेट दिला, तो स्वतःजवळ ठेवता यावा म्हणून त्यांनी सरकारी तिजोरीत १ कोटी १० लाख रुपिया भरले. (घाबरू नये, आपल्या चलनात ही रक्कम पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते.) ज्या संगीतावर बिघडल्याचा शिक्का, त्याच्या चाहत्याने भेटवस्तूचा इतका काटेकोर हिशेब ठेवावा, याची नोंद घ्यायला हवी. २०२४ पर्यंत ते अध्यक्ष होते.

आणि तरीही त्यांच्याच कारकिर्दीत, १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, पूर्व जावातील मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये फुटबॉलच्या सामन्यानंतर १३५ माणसे मेली. यजमान संघ हरला, काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. धुराने घाबरलेले लोक दारांकडे धावले आणि तिथे अडकले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम स्टेडियममध्ये अश्रुधूर वापरू नये असे सांगतात. बांडुंगच्या अकरा मृत्यूंतून देशाने दारांचा धडा घेतला असता तर मलांगला काही जीव वाचले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण धडा घेण्यासाठी मधली चौदा वर्षे होती.

आपल्याकडे वेगळे काय आहे? २५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेला, साताऱ्याजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळुबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविक गेले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. तेथे कोणी डेथ मेटल वाजवत नव्हते. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी क्रिकेटच्या विजयोत्सवात अकरा जण गेले; पुन्हा अकरा. देवीच्या दर्शनाला आलेली आजी, विजयी संघाला पाहायला आलेला विद्यार्थी आणि बांडुंगला मित्राचा अल्बम ऐकायला गेलेला पोरगा, तिघांच्याही छातीवर आलेला दाब एकाच जातीचा.

मुंबईलाही या संगीताचे वेड नवे नाही. धोबीतलावच्या रंगभवनात, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या त्या उघड्या नाट्यगृहात, १९८० च्या दशकापासून दर वर्षी 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरत असे. काळे सदरे घातलेली हजारो पोरे तेथे डोकी हलवून घरी जात. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता टापू ठरला आणि पुढच्या काही वर्षांत रंगभवनातील मैफली बंद पडल्या. रुग्णालयांतील रुग्णांना शांतता हवीच, त्याविषयी तक्रार नाही. पण त्या पोरांसाठी दुसरे उघडे, परवडणारे रंगभवन शहराने कोठे बांधले, हे विचारायला हवे होते आणि कोणी विचारले नाही. वाजवणारे थांबले नाहीत. 'गटस्लिट' हा मुंबईचा ब्रूटल डेथ मेटल वाद्यवृंद २००७ मध्ये, म्हणजे रंगभवन गप्प झाल्यानंतर, सुरू झाला. २०१३ साली त्याचा पहिला अल्बम आला. फक्त ऐकणारे आणि वाजवणारे दोघेही उघड्यावरून उठून पबांच्या, हॉटेलांच्या बंद खोल्यांत गेले, आणि त्यांच्याबरोबर शहरातली बाकीची तरुण करमणूकही गेली.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ जण गेले, त्यांतले बहुतेक धुराने गुदमरून. त्या रात्री तेथे कोणती गाणी वाजत होती याची चौकशी कोणी केली नाही. चर्चा झाली ती बेकायदा छपराची, परवान्यांवर सह्या करणाऱ्यांची आणि बाहेर पडण्याच्या वाटेची.